टाइप ९७ मशीनगनला 'जड' का म्हणतात? हा-गो रणगाड्याच्या दोन बंदुकांविषयी काही शंका

धागाकर्ता: लोखंडी_कासव

नमस्कार मंडळी.

गेले काही महिने मी जपानी लष्कराच्या टाइप ९५ हा-गो या हलक्या रणगाड्याची १:३५ प्रमाणातली प्रतिकृती तयार करत आहे. बाहेरचा सांगाडा, पट्टे आणि चाके झाली आहेत. आता बुरुजाचे झाकण उघडे ठेवून आतला भागही दाखवायचा, असे ठरवले आहे. त्यासाठी आतल्या दोन मशीनगनचा अभ्यास सुरू केला आणि तिथेच अडकलो.

पहिली शंका नावाची आहे. या रणगाड्यावर पुढच्या काळात टाइप ९७ मशीनगन बसवली जात असे, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. मात्र टाइप ९७ शोधू लागलो की झीरो विमानातली मशीनगन समोर येते, वीस मिलिमीटरची रणगाडाभेदी रायफल येते, नेमबाजांची दुर्बिणीची रायफल येते, हातबॉम्ब येतो आणि ची-हा नावाचा संपूर्ण रणगाडाही येतो. ही सगळी शस्त्रे एकाच घराण्यातली आहेत, की नुसता क्रमांक सारखा आहे?

दुसरी शंका बंदुकीच्या रूपाची आहे. बाहेरून पाहिले तर गोल खोबणीतून एक जाडजूड नळकांडे डोकावते आणि वाटते की आत मोठीच मशीनगन असणार. अधिकृत नावातही तिला 'जड' म्हटले आहे. आतली रेखाटने पाहिली तर मात्र तिथे पायदळाच्या हलक्या मशीनगनसारखे हत्यार दिसते, आणि त्यावर वीस गोळ्यांचे उभे मॅगझिन. वीस गोळ्या! त्याच काळातल्या अमेरिकी रणगाड्यांमधील ब्राउनिंगला अडीचशे गोळ्यांचा पट्टा असे. मग हिला 'जड' कोणत्या अर्थाने म्हणायचे?

तिसरी शंका सर्वांत जास्त सतावते आहे. बुरुजातली मशीनगन तोफेच्या शेजारी नसून बुरुजाच्या मागच्या अंगाला, उजव्या कोपऱ्याकडे का आहे? पुढे शत्रू असताना मागे तोंड केलेल्या बंदुकीचा उपयोग काय?

जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

प्रतिसाद: जुनी_काडतुसे

आपल्या तिन्ही शंका रास्त आहेत. तिसरीविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे सदस्य इथे आहेत, म्हणून मी पहिल्या दोनच घेतो.

नावाचा उलगडा सोपा आहे. जपानी शस्त्रांच्या नावातला आकडा हा घराण्याचा नव्हे, तर स्वीकृतीच्या वर्षाचा असतो. सम्राट जिम्मू यांच्या राज्यारोहणापासून, म्हणजे परंपरेने इसवी सनापूर्वी ६६० पासून मोजलेल्या जपानी वर्षाचे शेवटचे दोन अंक घेऊन त्याला 'शिकी' जोडत. हाच 'शिकी' आपण 'टाइप' असा वाचतो. १९३७ हे जपानी गणनेत २५९७ होते, म्हणून त्या वर्षी स्वीकारलेली प्रत्येक वस्तू टाइप ९७ झाली, मग ती रायफल असो, हातबॉम्ब असो वा रणगाडा. १९४० साली २६०० पूर्ण झाले तेव्हा नौदलाने शून्य धरले आणि लष्कराने शंभर. नौदलाच्या त्या प्रसिद्ध विमानाचे 'झीरो' हे नाव याच शून्यातून आले आहे. जपानी वर्षाची ही पद्धत येण्याआधी सम्राटाच्या कारकिर्दीचे वर्ष घेत असत. टाइप ११ हलकी मशीनगन १९२२ ची आहे, कारण ते तैशो कालखंडाचे अकरावे वर्ष होते.

म्हणून झीरोवरची टाइप ९७ आणि हा-गोवरची टाइप ९७ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. नौदलाची बंदूक ब्रिटिश व्हिकर्सच्या रचनेवर बेतलेली, पट्ट्यावर चालणारी होती आणि ती ब्रिटिश .३०३ च्या मापाचे, कडा असलेले ७.७×५६ मिलिमीटरचे काडतूस झाडत असे. लष्कराची रणगाड्यावरची बंदूक मूळची चेकोस्लोव्हाकियाची. तिचे काडतूस ७.७×५८ मिलिमीटरचे. दोन्हींना 'सात पूर्णांक सात' म्हणत असले तरी एकीची गोळी दुसरीत चालत नाही. एकाच देशाच्या दोन सेनांनी एकाच व्यासाची, परंतु न जुळणारी काडतुसे वापरावीत, ही गोष्ट पुरवठ्याच्या दृष्टीने किती त्रासाची ठरली असेल, याची कल्पना करता येते.

आता 'जड' या शब्दाकडे येतो. टाइप ९७ च्या आधी जपानी रणगाड्यांवर टाइप ९१ मशीनगन असे. तिच्या अधिकृत नावात 'वाहनावरची हलकी मशीनगन' असे शब्द आहेत, तर टाइप ९७ च्या नावात 'वाहनावरची जड मशीनगन' असे. टाइप ९१ म्हणजे जपानी शस्त्ररचनाकार किजिरो नाम्बू यांच्या टाइप ११ चे रणगाड्यासाठी केलेले रूप, आणि तिचे काडतूस ६.५ मिलिमीटरचे. १९३७ साली जपानी पायदळाच्या हलक्या मशीनगनांचे काडतूस ६.५ चे होते आणि ७.७ हे टाइप ९२ सारख्या तिपाईवरच्या जड मशीनगनचे. पायदळाला ७.७ ची हलकी मशीनगन १९३९ मध्ये टाइप ९९ च्या रूपाने मिळाली. त्यामुळे ९७ च्या नावातला जडपणा काडतुसाच्या वर्गावरून आलेला आहे, असे मी मानतो. वजनाने पाहिले तर ती १२.४ किलो भरते आणि तिपाईसह टाइप ९२ भरते सुमारे ५५ किलो. यावरून 'जड' हा शब्द वजनाला उद्देशून नसावा, हे उघड आहे.

बाहेर दिसणारे जाड नळकांडे ही बंदुकीची नळी नव्हे. ते नळीवर चढवलेले पोलादी कवच आहे. रणगाड्याचे बाकीचे अंग चिलखताआड असते, परंतु मशीनगनची नळी बाहेर डोकावते आणि एखादी रायफलची गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागून ती वाकली तर बंदूक निकामी होते. म्हणून हे जाड आवरण. आतली नळी पायदळाच्या मशीनगनला शोभेल अशीच आहे.

टाइप ९१ विषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ती समजल्याशिवाय ९७ ची गरज कळत नाही. टाइप ११ ला मॅगझिन नव्हते. डाव्या अंगाला एक पेटी असे, तिला हॉपर म्हणत. त्यात पायदळाच्या रायफलच्याच पाच-पाच गोळ्यांच्या क्लिपा आडव्या, एकावर एक रचायच्या आणि वरून स्प्रिंगच्या जोराने खाली दाबणारे झाकण लावायचे. सर्वांत खालच्या क्लिपेतली एकेक गोळी बंदूक ओढून घेई आणि पाच संपल्या की रिकामी क्लिप खाली पडे. कल्पना उत्तम होती. तुकडीतला कोणताही शिपाई आपल्या कमरेच्या गोळ्या मशीनगनला देऊ शकत असे. परंतु गोळी सुरळीत आत जावी म्हणून बंदुकीतच तेलाची टाकी होती, प्रत्येक काडतुसाला तेलाचा हात फिरे, आणि त्या तेलावर धूळ बसली की बंदूक अडकत असे. रणगाड्यासाठी हॉपर मोठा केला, पण मूळ दोष राहिला. हलत्या, अंधाऱ्या, धुराने भरलेल्या लोखंडी पेटीत एका हाताने स्प्रिंगचे झाकण उचलून धरायचे आणि दुसऱ्या हाताने तेलकट पेटीत क्लिपा नीट रचायच्या, हे काम डोळ्यांसमोर आणून पाहा. त्या तुलनेत भरलेले मॅगझिन वरून खटकन बसवणे ही मोठीच सोय होती, मग त्यात वीसच गोळ्या का असेनात.

हे मॅगझिन ज्या बंदुकीवरून आले ती झेडबी २६ ही हलकी मशीनगन. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो येथील शस्त्र कारखान्यात वाक्लाव होलेक यांनी ती रचली. चीनने ती मोठ्या प्रमाणावर विकत घेतली आणि आपल्या कारखान्यांतही बनवली. १९३७ च्या युद्धात जपान्यांच्या हाती ती लागली आणि त्यांनी ७.७ साठी तिची नक्कल केली.

---

प्रतिसाद: सीमेवरचा_वाचक

जुनी_काडतुसे यांचा प्रतिसाद अत्यंत माहितीपूर्ण आहे. फक्त शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती सुचवतो.

चीन-जपान युद्धाला तोंड फुटले ७ जुलै १९३७ रोजी, मार्को पोलो पुलाच्या चकमकीने. त्यानंतर हाती आलेल्या बंदुकीचा अभ्यास करून, तिला नव्या काडतुसाजोगे बदलून, चाचण्या घेऊन त्याच वर्षी ती स्वीकारली गेली, हे कालगणनेत बसत नाही. झेडबी २६ जपान्यांना त्याच्या कितीतरी आधी भेटली होती. १९३१ पासून मांचुरियात आणि १९३२ मध्ये शांघाय येथे ज्या लढाया झाल्या, त्यांत चिनी सैन्याकडून ही बंदूक जपान्यांच्या हाती लागली, आणि आपल्या टाइप ११ पेक्षा ती किती भरवशाची आहे हे त्यांना समोरून गोळ्या खाताना कळले होते.

याला जोडून आणखी एक गोष्ट. पायदळाच्या टाइप ९६ आणि टाइप ९९ या हलक्या मशीनगनांनाही वरून उभे मॅगझिन असते आणि त्या दिसायला झेडबी २६ सारख्याच आहेत. म्हणून अनेकजण त्यांनाही नक्कल म्हणतात. ते बरोबर नाही. त्यांच्या बाह्य रूपावर चेक बंदुकीची छाप आहे, मात्र बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, अडकवण्याची आतली रचना निराळी आहे. झेडबीत बोल्टचे मागचे टोक वर उचलले जाऊन अडकते, आणि ही रचना जशीच्या तशी उचलणारी बंदूक टाइप ९७ च होय. प्रतिकृतीसाठी टाइप ९६ ची छायाचित्रे समोर ठेवून काम करू नये, यासाठी हे मुद्दाम लिहिले.

---

प्रतिसाद: जुनी_काडतुसे

दुरुस्ती मान्य आहे. वर्षाची सांगड घालताना माझ्याकडून घाई झाली. आपले म्हणणेच योग्य आहे.

---

प्रतिसाद: लोखंडी_कासव

दोघांचेही मनापासून आभार. नळकांड्याचा उलगडा झाल्यामुळे आता मी आतली नळी वेगळी, बारीक करणार आहे. टाइप ९६ ची छायाचित्रे खरोखरच माझ्या टेबलावर होती, ती बाजूला ठेवली आहेत.

तरीही बुरुजाच्या मागची बंदूक अजून समजली नाही.

---

प्रतिसाद: बुरुजातला_एकटा

हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे थोडे लांबेल.

हा-गोमध्ये तीन माणसे असत. पुढे उजवीकडे चालक, डावीकडे पुढची मशीनगन चालवणारा, आणि बुरुजात एकटा कमांडर. या एकट्याची कामे मोजली की आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. बाहेर काय चालले आहे ते पाहायचे, चालकाला दिशा द्यायची, इतर रणगाड्यांशी मेळ ठेवायचा, बुरूज हाताने फिरवायचा, ३७ मिलिमीटरच्या तोफेत गोळा भरायचा, नेम धरायचा, झाडायचा, आणि गरज पडली की पाठीमागे वळून मशीनगन चालवायची. दोन्ही हत्यारे एकाच माणसाची होती, म्हणजे ती एकाच वेळी चालणे शक्यच नव्हते. पुढच्या दिशेला मशीनगन हवी असेल तर कमांडरला तोफ सोडून बुरूज जवळजवळ अर्धा फिरवावा लागे.

मग ती तोफेच्या शेजारी, तोफेला जोडून का बसवली नाही? माझ्या मते याचे उत्तर तोफेच्या बैठकीत आहे. त्या काळच्या जपानी रणगाड्यांत तोफ केवळ बुरुजाबरोबर फिरत नसे. बुरूज स्थिर ठेवूनही तोफेला डावी-उजवीकडे काही अंश हलवता येई, आणि ते काम तोफचालक दस्त्याला खांदा लावून, अंगाच्या रेट्याने करत असे. बुरूज हाताने ढोबळ फिरवायचा आणि नेमाचा शेवटचा बारकावा खांद्याने साधायचा, अशी ही पद्धत. ती सरावलेल्या माणसाच्या हातात चपळ होती. पण खांद्यावर तोलल्या जाणाऱ्या त्या बैठकीला आणखी बारा किलोची मशीनगन आणि तिचे मॅगझिन लटकवायचे, तर तो तोल बिघडतो आणि समोरचे छिद्रही मोठे करावे लागते. स्वतंत्र गोल खोबणीत मशीनगन मागे बसवणे हा सोपा मार्ग होता. १९२९ च्या टाइप ८९ रणगाड्यापासून तो रुळला होता आणि पुढच्या रणगाड्यांत तसाच चालत आला.

मागची मशीनगन ही एकट्या जपानची रीत नव्हती, हेही सांगायला हवे. सोव्हिएत केव्ही रणगाड्याच्या बुरुजालाही मागे मशीनगन होती. रणगाडा पुढे सरकला आणि आपले पायदळ मागे रेंगाळले, की खंदकातून उठून पाठीमागून चढू पाहणाऱ्या शत्रूच्या शिपायांसाठी ती उपयोगी पडते. जपानी रणगाड्याची कल्पनाच मुळात पायदळाचा सोबती म्हणून केली गेली होती आणि चीनमध्ये त्याच्यासमोर बहुतांशी पायदळच होते, त्यामुळे हा विचार त्यांना पटला यात नवल नाही. फरक इतकाच की केव्हीमध्ये तोफेला जोडलेली मशीनगनही होती आणि मागची बंदूक ही भर होती. हा-गोच्या बुरुजात मागची बंदूक हीच एकमेव.

जपानी अभियंत्यांना ही उणीव दिसत नव्हती असे मुळीच नाही. टाइप ९८ के-नी या नंतरच्या हलक्या रणगाड्यात आणि नौदलाच्या टाइप २ का-मी या पाण्यात चालणाऱ्या रणगाड्यात हीच टाइप ९७ मशीनगन तोफेशेजारी, तिला जोडून बसवलेली आहे. म्हणजे ज्ञान होते, रचनाही होती. ती सर्वांत जास्त लढलेल्या हा-गो आणि ची-हापर्यंत पोहोचली नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण त्याची किंमत बुरुजात राबणाऱ्या माणसांनी मोजली.

आता वीस गोळ्यांचा हिशेब पाहा. टाइप ९७ चा वेग मिनिटाला साधारण ५०० गोळ्यांचा धरला, तर चाप दाबून ठेवल्यास एक मॅगझिन अडीच सेकंदांच्या आत रिकामे होते. सोव्हिएत रणगाड्यांच्या डीटी मशीनगनला ६३ गोळ्यांची थाळी होती आणि ब्रिटिश बेसाला २२५ गोळ्यांचा पट्टा. यात एक विलक्षण योगायोग आहे, तो इथे नोंदवल्यावाचून राहवत नाही. ब्रिटिशांची बेसाही मूळची ब्रनोच्याच कारखान्याची, झेडबी ५३. ब्रिटिश पायदळाची ब्रेनसुद्धा झेडबी २६ च्याच वंशातली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दोन्ही बाजूंच्या हातांत एकाच घराण्याच्या बंदुका होत्या. ब्रिटिशांनी मात्र पायदळाला मॅगझिनची आणि रणगाड्याला पट्ट्याची, अशा दोन वेगळ्या बंदुका निवडल्या. जपानने पायदळाला शोभणारी रचना उचलून रणगाड्यात बसवली. नळी हवेवर थंड होणारी, त्यामुळे थोड्या-थोड्या गोळ्या झाडत थांबावे लागेच, आणि त्या अर्थाने लहान मॅगझिन तितके घातक नव्हते, असा बचाव काहीजण करतात. तो मला पुरता पटत नाही. नळी थंड व्हावी म्हणून आपण होऊन थांबणे वेगळे आणि समोर शत्रू धावत येत असताना मॅगझिन संपले म्हणून थांबणे वेगळे.

---

प्रतिसाद: सीमेवरचा_वाचक

या रचनेचा एक फायदा राहून गेला, तो जोडतो. टाइप ९७ ला खांद्याला लावायचा दस्ता आणि पिस्तुलासारखी मूठ होती, आणि तिला दुपायी जोडता येत असे. रणगाडा निकामी झाला तर खोबणीतून बंदूक काढून, बाहेर उतरून ती जमिनीवरून वापरता येई. पट्ट्यावरच्या अवजड बंदुकीला हे इतके सहज जमत नाही.

युद्धाच्या शेवटी याला महत्त्व आले. जानेवारी १९४५ मध्ये फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावर सान मान्युएल येथे जपानी रणगाडे बुरुजापर्यंत जमिनीत पुरून, बुरूज तेवढे वर ठेवून लढवले गेले. पुढच्या महिन्यात इवो जिमावरही लेफ्टनंट कर्नल ताकेइची निशी यांच्या सव्विसाव्या रणगाडा रेजिमेंटने आपले रणगाडे असेच जमिनीत रोवले. रणगाडा पुरला की पुढची मशीनगन मातीआड जाते आणि तिथे तिचा काही उपयोग उरत नाही. बुरुजामागची बंदूक मात्र वरच राहते, आणि हलणे थांबवलेल्या रणगाड्याला पाठीमागून येणाऱ्या शत्रूची भीती सर्वांत अधिक असते. १९२९ साली रुळलेली जागा अशा परिस्थितीत कामी यावी, हे रचनाकारांच्या मनातही आले नसेल.

---

प्रतिसाद: जुनी_काडतुसे

प्रतिकृतीसाठी दोन-तीन बारीक गोष्टी सांगतो.

मॅगझिन बंदुकीच्या मधोमध उभे राहते, त्यामुळे नेमाची दुर्बीण सरळ वर बसवता येत नाही. ती एका बाजूला सरकवलेली असते. दुर्बीण दीडपट मोठे दाखवणारी आणि ३० अंशांचे क्षेत्र देणारी होती. तिच्या मागच्या टोकाला रबराची जाड गादी असते, ती विसरू नका. ओबडधोबड जमिनीवर रणगाडा उसळला की दुर्बिणीचे टोक थेट डोळ्यावर येते. त्या गादीवाचून बंदूक चालवणाऱ्याची भुवई फुटली असती. दुसरे म्हणजे, झेडबीच्या रचनेत रिकामी पुंगळी खालून बाहेर पडते, त्यामुळे पुंगळ्या दाखवायच्या असतील तर त्या बंदुकीच्या खाली, बुरुजाच्या तळाशी दाखवा, बाजूला नव्हे.

आणि आपला हा-गो कोणत्या काळातला आहे, ते आधी ठरवा. सुरुवातीचा असेल तर त्यावर टाइप ९१ हवी, म्हणजे उभे मॅगझिन नको, डाव्या अंगाचा हॉपर हवा.

---

प्रतिसाद: लोखंडी_कासव

माझा हा-गो १९४३ नंतरचा आहे, त्यामुळे टाइप ९७ च राहील. रबराची गादी मी खरोखरच विसरलो होतो. आज काळ्या पुट्टीतून ती करून पाहिली, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी झाली आहे.

बुरुजातला_एकटा यांचा प्रतिसाद वाचल्यावर एक मोठा बदल करतो आहे. कमांडरची आकृती मी झाकणातून बाहेर डोकावत, दुर्बीण डोळ्याला लावलेली अशी ठरवली होती. आता तो आत असेल. तोफेकडे पाठ, डावा हात मागच्या मशीनगनच्या मॅगझिनवर आणि मान तोफेच्या दिशेने अर्धवट वळलेली. तोफेच्या खांद्याच्या दस्त्याचे एखादे नीट रेखाटन कोणाकडे असल्यास कृपया मापांसह इथे द्यावे, कारण पुढचे काम त्याच्यावरच अडले आहे.